ग्रंथालयाचा आराखडा: क्लास आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा

ग्रंथालय, बँक, रुग्णालय किंवा विद्यापीठाचा परीक्षा विभाग यांपैकी कोणाच्याही कामकाजासाठी सॉफ्टवेअर तयार करायचे असेल, तर संगणकाला द्यायची पहिली आज्ञा लिहिण्याच्या कितीतरी आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: त्या कामकाजात नोंद ठेवण्याजोग्या गोष्टी कोणत्या आहेत, आणि त्या एकमेकींशी कोणत्या नात्याने बांधलेल्या आहेत? या प्रश्नाचे उत्तर चुकले तर पुढे लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम त्या चुकीचे ओझे वाहत राहतो आणि ते उतरवण्याचा खर्च वर्षागणिक वाढत जातो. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजे वस्तुकेंद्री, सॉफ्टवेअर रचनेत हे उत्तर क्लास डायग्राम नावाच्या आकृतीत मांडले जाते. या आकृतीत चौकटी असतात आणि चौकटींना जोडणाऱ्या रेषा असतात. शिकवताना चौकटींवर बराच वेळ खर्च होतो, परंतु रचनाकाराची परीक्षा होते ती रेषांवर, कारण प्रत्येक रेषा हा प्रत्यक्ष व्यवहारातील एखाद्या नियमाविषयी घेतलेला निर्णय असतो.

चौकट ज्याची असते तो क्लास. एकाच प्रकारच्या अनेक गोष्टींमध्ये समान असणारी माहिती आणि त्या गोष्टींना करता येणारी कामे यांचे एकत्रित वर्णन म्हणजे क्लास, आणि त्या वर्णनाबरहुकूम संगणकाच्या स्मृतीत उभी राहणारी एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. छापलेला कोरा अर्ज आणि लोकांनी भरून दिलेले अर्ज यांत जो फरक असतो तोच साधारणपणे या दोहोंत आहे. मात्र भरलेला अर्ज निमूट पडून राहतो, तर ऑब्जेक्ट आपल्याजवळील माहिती स्वतः सांभाळते आणि विचारले असता उत्तर देते. ग्रंथालयाच्या प्रणालीत ‘सभासद’ हा क्लास असेल, तर नाव, पत्ता आणि वर्गणी संपण्याची तारीख हे त्याचे गुणधर्म ठरतात, ज्यांना ॲट्रिब्यूट म्हणतात, आणि वर्गणी बाकी आहे का हे सांगणे किंवा सभासदत्वाची मुदत वाढवणे ही त्याची कामे ठरतात, ज्यांना मेथड म्हणतात. आकृतीत प्रत्येक चौकटीचे तीन खण पाडण्याची पद्धत आहे: वरच्या खणात क्लासचे नाव, मधल्यात गुणधर्म आणि खालच्यात कामे.

क्लास ही कल्पना नॉर्वेच्या राजधानीत, ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात जन्मली. तेथे उले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर हे दोघे संशोधक रांगा, वाहतूक, कारखान्यातील उत्पादन अशा प्रत्यक्ष घडामोडींचे अनुकरण संगणकावर करण्यासाठी सिम्युला नावाची भाषा विकसित करत होते. पुलावरील टोलनाका हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक होते, आणि त्याच्या रांगेत उभी असलेली वाहने ट्रक किंवा बस अशी भिन्न प्रकारची होती. रांगेत उभे राहण्यासाठी लागणारी सोय दोन्ही प्रकारांना सारखीच हवी होती, बाकीचे वर्तन मात्र वेगळे होते. सामायिक भाग एकदाच लिहावा आणि ट्रक व बस यांची वर्णने त्याला जोडून घ्यावीत, हा तोडगा १९६६ च्या अखेरीस आणि १९६७ च्या आरंभी त्यांना सुचला, आणि मे १९६७ मध्ये ओस्लोजवळ लिसेबू येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी क्लास आणि उपक्लास यांची मांडणी केली. या कार्यासाठी दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला आणि २००२ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोघांचेही निधन झाले. पुढे कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली स्मॉलटॉक, बेल प्रयोगशाळेत ब्यार्न स्ट्रोस्ट्रुप यांनी १९७९ पासून विकसित केलेली आणि नंतर सी प्लस प्लस म्हणून प्रसिद्ध झालेली भाषा, आणि १९९५ मध्ये जाहीर झालेली जावा या सर्वांवर त्या ओस्लोतील कामाचे ऋण आहे.

भाषा आल्या तरी रचना कागदावर कशी मांडावी याबाबत एकवाक्यता व्हायला बराच काळ गेला. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये डेटाबेससाठी वस्तू आणि त्यांची परस्परनाती दाखवणारी आकृतिपद्धत प्रसिद्ध केली होती आणि तिचा प्रभाव नंतरच्या सर्व पद्धतींवर दिसतो. १९९० च्या सुमारास मात्र प्रत्येक तज्ज्ञाची चिन्हे निराळी होती: ग्रेडी बूच ढगासारखे आकार काढत, जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रातील जेम्स रम्बॉ चौकटी काढत, आणि स्वीडनमधील ईव्हार याकोबसन यांचा भर वापरकर्त्याच्या कामांचे प्रसंग लिहिण्यावर होता. हे तिघे १९९४ आणि १९९५ या दोन वर्षांत रॅशनल या एकाच कंपनीत एकत्र आले, त्यांच्या प्रयत्नांतून युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, म्हणजे यूएमएल, ही चिन्हभाषा आकारास आली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानकसंस्थेने तिला मान्यता दिली. आज अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत दिसणारा क्लास डायग्राम तो हाच.

ही चिन्हे कशासाठी आहेत हे समजण्यासाठी ग्रंथालयाइतके चांगले क्षेत्र क्वचितच सापडेल, कारण तेथील व्यवहार सर्वांच्या ओळखीचा असूनही त्याच्या पोटात बऱ्याच गुंतागुंती आहेत. रसेल ॲबट यांनी १९८३ मध्ये सुचवलेली एक पद्धत अशी की, कामाचे साध्या भाषेत वर्णन लिहावे, त्यातील नामांवरून वस्तूंचे प्रकार शोधावेत आणि क्रियापदांवरून त्यांची कामे ठरवावीत. ही पद्धत आरंभासाठी उपयुक्त आहे, परंतु तिच्यावर विसंबून राहिल्यास ग्रंथालयाच्या उदाहरणात पहिल्याच नामाशी फसगत होते. ‘सभासदाने पुस्तक नेले’ आणि ‘हे पुस्तक १९५९ साली प्रसिद्ध झाले’ या दोन वाक्यांत नाम एकच आहे, पण पहिल्या वाक्यातील पुस्तक म्हणजे दाखल क्रमांक आणि बारकोड असलेली, कदाचित एक पान फाटलेली, विशिष्ट प्रत आहे, तर दुसऱ्यातील पुस्तक म्हणजे लेखकाचे नाव, शीर्षक आणि प्रकाशनवर्ष असलेली साहित्यकृती आहे. या दोहोंसाठी एकच क्लास ठेवला तर पाच प्रती असलेल्या ग्रंथाचे शीर्षक पाच ठिकाणी नोंदवले जाते, एका ठिकाणी सुधारलेली शुद्धलेखनाची चूक उरलेल्या चार ठिकाणी तशीच राहते, आणि ‘या ग्रंथाच्या किती प्रती बाहेर आहेत’ हा साधा प्रश्नही नीट विचारता येत नाही.

ग्रंथालयशास्त्राने हा विचार आणखी पुढे नेला आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात ग्रंथाचे चार स्तर मानले आहेत. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी घेतली, तर खांडेकरांची निर्मिती म्हणून ती पहिला स्तर. तिची मूळ मराठी संहिता आणि तिचे हिंदी भाषांतर या तिच्या दोन अभिव्यक्ती, हा दुसरा. मराठी संहितेची प्रकाशकाने काढलेली एखादी विशिष्ट आवृत्ती हा तिसरा. आणि कपाटातील हाती येणारी प्रत हा चौथा. प्रत्येक ग्रंथालयाला चारही स्तर लागतातच असे नाही. कोहा ही न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली मुक्त प्रणाली आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांतही वापरली जाते. तिच्या दैनंदिन देवघेवीत मुख्यतः दोनच स्तरांवर काम चालते: ग्रंथाची नोंद आणि प्रत. किती स्तर हवेत हे वास्तवाकडे पाहून ठरत नाही, तर ग्रंथालयाला कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवी आहेत यावरून ठरते. भाषांतरे एकत्र दाखवायची गरज असलेल्या विद्यापीठ ग्रंथालयाला जे प्रतिमान योग्य, ते गावातील वाचनालयाला अवजड ठरू शकते.

ग्रंथनोंद आणि प्रत असे दोन क्लास वेगळे झाले की त्यांच्यामध्ये रेषा काढावी लागते. या साध्या सलग रेषेला असोसिएशन, म्हणजे साहचर्य, म्हणतात. रेषेच्या दोन्ही टोकांना लिहिलेल्या आकड्यांना मल्टिप्लिसिटी हे नाव आहे, आणि आकृतीतील सर्वांत कमी जागा व्यापणारा हाच भाग सर्वांत जास्त माहिती देतो. प्रत्येक प्रत नेमक्या एका ग्रंथनोंदीची असते, म्हणून ग्रंथनोंदीच्या टोकाला १ हा आकडा येतो. एका नोंदीखाली कितीही प्रती असू शकतात, म्हणून प्रतीच्या टोकाला तारांकन येते. येथे लगेच प्रश्न उभा राहतो: एकही प्रत नसलेली नोंद चालेल का? मागवलेला परंतु अद्याप न आलेला ग्रंथ यादीत दाखवायचा असेल तर चालली पाहिजे, नाहीतर किमान एक प्रत असल्याचा नियम आकड्यात लिहावा लागेल. एकत्र बांधलेल्या दोन ग्रंथांची एकच प्रत असेल तर काय करायचे, हा त्याहून अवघड प्रश्नही याच रेषेवर उपस्थित होतो. आकडे लिहिण्याची सक्ती केली की असे प्रश्न प्रोग्राम लिहिण्यापूर्वी, ग्रंथपालाच्या टेबलाशी सुटतात. ते सोडून दिले तर त्यांची उत्तरे प्रोग्रामर एकटाच, नकळत देऊन टाकतो आणि त्याने काय ठरवले हे कोणालाही कळत नाही.

सभासद आणि प्रत यांच्यातील नाते आणखी बारकाईने पाहण्यासारखे आहे. एखाद्या क्षणी पाहिले तर एक प्रत फार तर एका सभासदाकडे असते, म्हणजे त्या टोकाला ०..१ लिहावे, वर्षभराचा इतिहास पाहिला तर तीच प्रत अनेक सभासदांकडे जाऊन आलेली असते, म्हणजे तेथे तारांकन हवे. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि दोहोंतील विरोध मिटतो तो नेल्याची तारीख, परतीची तारीख, किती वेळा मुदतवाढ घेतली हे सर्व कोठे ठेवायचे असा विचार केल्यावर. ही माहिती सभासदाची नाही आणि प्रतीचीही नाही. ती त्या दोघांमधील व्यवहाराची आहे. म्हणून त्या रेषेलाच क्लासचा दर्जा द्यावा लागतो, आणि ‘देवघेव’ नावाची नवी चौकट उभी राहते, जिला यूएमएलमध्ये असोसिएशन क्लास म्हणतात. कोहामध्ये चालू देवघेवी एका तक्त्यात आणि पूर्ण झालेल्या देवघेवी दुसऱ्या तक्त्यात ठेवल्या जातात, त्यामुळे क्षणाचा नियम आणि इतिहासाची गरज या दोन्ही गोष्टी साधतात. बँकेतील खाते आणि ग्राहक, रुग्णालयातील रुग्ण आणि खाट, शाळेतील विद्यार्थी आणि तुकडी या जोड्यांमध्येही असाच एखादा लपलेला क्लास बहुधा सापडतो, आणि तो वेळीच ओळखणे हे या विद्येतील सर्वांत मोलाचे कौशल्य मानावे लागेल.

राखीव नोंदीचा विचार केला तर ग्रंथनोंद आणि प्रत वेगळी केल्याचे फळ दिसते. वाचकाला सहसा कोणतीही प्रत चालते, म्हणून राखीव नोंदीची रेषा ग्रंथनोंदीकडे जाते. एखाद्याला विशिष्ट शाखेतील विशिष्ट प्रतच हवी असेल तर ती प्रतीकडेही जाते. कोहात दोन्ही प्रकारांची सोय आहे. ग्रंथनोंद हा क्लासच नसता तर पहिली मागणी लिहायलाही जागा राहिली नसती.

काही नाती संपूर्ण आणि भाग अशा स्वरूपाची असतात, आणि त्यांसाठी रेषेच्या एका टोकाला समभुज चौकोनाचे चिन्ह काढतात. भरीव चिन्ह म्हणजे कंपोझिशन: भाग एका वेळी एकाच संपूर्णाचा असतो आणि संपूर्ण नष्ट झाले की त्याबरोबर त्याचे भागही जातात. ग्रंथखरेदीचा मागणी-आदेश आणि त्यातील एकेका ग्रंथाची ओळ हे त्याचे स्वच्छ उदाहरण आहे, कारण आदेश नसताना त्या ओळीला काही अर्थ उरत नाही. ग्रंथनोंद आणि प्रत यांच्यातही असेच नाते आहे असे प्रथमदर्शनी वाटते, पण नोंद पुसली म्हणून कपाटातील प्रती नाहीशा होत नाहीत. म्हणूनच प्रती जोडलेल्या असताना ग्रंथनोंद पुसू देण्यास कोहा नकार देते आणि आधी प्रतींचा निकाल लावायला सांगते. पोकळ चिन्ह म्हणजे ॲग्रिगेशन, हे नाते त्याहून सैल. त्याचा नेमका अर्थ क्षेत्रानुसार आणि रचनाकारानुसार बदलतो, असे यूएमएलचे मानकच सांगते. ज्या चिन्हाचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावायचा आहे ते आकृतीत काढून फारसे साधत नाही; तेथे साधी रेषा काढावी आणि आकडे काळजीपूर्वक लिहावेत, हेच बरे.

सर्वाधिक प्रतिष्ठा मिळालेले आणि सर्वाधिक गैरवापर झालेले नाते म्हणजे इनहेरिटन्स, मराठीत वारसा. त्याची रेषा उपक्लासकडून मूळ क्लासकडे जाते आणि तिच्या टोकाला पोकळ त्रिकोण असतो. महाविद्यालयीन ग्रंथालयात विद्यार्थी आणि प्राध्यापक हे दोन्ही सभासद असल्यामुळे ‘सभासद’ हा मूळ क्लास आणि ‘विद्यार्थी’ व ‘प्राध्यापक’ हे उपक्लास, अशी रचना पाठ्यपुस्तकांत वारंवार दिसते. ती दिसायला सुबक असली तरी व्यवहारात टिकत नाही. जावा आणि सी प्लस प्लस यांसारख्या भाषांत एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टला आपला क्लास बदलता येत नाही, पण विद्यार्थी मात्र पुढे त्याच महाविद्यालयात प्राध्यापक होतो, किंवा एखादी प्राध्यापिका पीएच.डी.साठी नाव नोंदवून एकाच वेळी दोन्ही भूमिकांत येते. शिवाय या दोन प्रकारांत फरक कोणता, तर किती ग्रंथ आणि किती दिवसांसाठी न्यावेत एवढाच, आणि तो फरक वर्तनाचा नसून आकड्यांचा आहे. कोहात म्हणूनच सभासद हा एकच क्लास आहे, त्याचे नाते ‘सभासद-श्रेणी’शी जोडलेले आहे, आणि श्रेणी, ग्रंथप्रकार व शाखा यांनुसार देवघेवीचे नियम वेगळ्या तक्त्यात ठेवलेले आहेत. नवी श्रेणी हवी असेल तर ग्रंथपाल ती पडद्यावर भरतो, त्यासाठी प्रोग्रामरला बोलवावे लागत नाही.

वारसा कोठे वापरावा याची सर्वांत भक्कम कसोटी बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ मध्ये मांडली आणि १९९४ मध्ये जॅनेट विंग यांच्यासह तिला काटेकोर रूप दिले. मूळ क्लासच्या ऑब्जेक्टवर विसंबून लिहिलेल्या प्रोग्राममध्ये त्याजागी उपक्लासचे ऑब्जेक्ट ठेवले, तरी त्या प्रोग्रामची कोणतीही अपेक्षा मोडता कामा नये, असा तिचा आशय आहे. भूमितीत चौरस हा आयताचाच एक प्रकार असतो, परंतु ज्या आयताची लांबी रुंदीला धक्का न लावता बदलता येते त्याच्या जागी चौरस ठेवता येत नाही. म्हणजे भूमितीत खरे असलेले विधान प्रोग्रामच्या रचनेत खोटे ठरते. जावाच्या मूळ संचातच याचे ठळक उदाहरण आहे. शेवटी ठेवलेली वस्तू प्रथम बाहेर काढणारा स्टॅक हा क्लास तेथे व्हेक्टर या यादीवजा क्लासचा वारस केला गेला, आणि त्यामुळे स्टॅकच्या मधोमध वस्तू घुसवण्याची मुभा वारशाने मिळाली, जी स्टॅकला कधीच नको होती. स्टॅकने यादी आपल्या पोटात ठेवली असती तर ही पळवाट उघडली नसती. ही चूक आजही त्या संचात आहे, कारण एकदा जगभर वापरात गेलेली रेषा पुसता येत नाही. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी १९९४ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या डिझाइन पॅटर्न्स या ग्रंथात वारशापेक्षा ऑब्जेक्ट एकत्र जोडून रचना करण्यास प्राधान्य द्यावे असा जो सल्ला दिला आहे, त्यामागे हाच अनुभव आहे.

वारशाच्या जवळचे, पण बरेच निरोगी, नाते म्हणजे इंटरफेसची पूर्तता. इंटरफेसमध्ये फक्त कामांची नावे आणि त्यांच्या अटी असतात, ती कामे कशी करावीत हे नसते. मुदत उलटल्याची सूचना ईमेलने जावी की एसएमएसने, हे देवघेवीच्या क्लासला ठाऊक असण्याची गरज नाही; त्याला केवळ ‘सूचना पाठव’ हे वचन देणारा इंटरफेस माहीत असावा, आणि दोन्ही मार्गांचे क्लास त्या वचनाची पूर्तता करतात. आकृतीत ही रेषा तुटक असते आणि तिच्या टोकाला पोकळ त्रिकोण असतो. साधा बाण असलेली तुटक रेषा डिपेंडन्सी, म्हणजे तात्पुरते अवलंबित्व, दाखवते. अशा रेषांचे जाळे दाट झाले, विशेषतः त्या फिरून स्वतःकडेच येऊ लागल्या, की एक क्लास बदलला असता दहा क्लास तपासावे लागतात.

हे निर्णय एकट्याने घ्यायचे नसतात. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये सीआरसी कार्डांची पद्धत मांडली: प्रत्येक क्लाससाठी एक छोटे कार्ड, त्यावर क्लासचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि ज्यांची मदत लागते ते क्लास. कार्डे टेबलावर मांडून ‘सभासदाने मुदतीनंतर प्रत परत केली’ असा प्रसंग पावलापावलाने खेळून पाहिला जातो, आणि एखाद्या कार्डावर जबाबदाऱ्यांची गर्दी झाली की तो क्लास फोडायची वेळ आली हे उघड दिसते. संगणकाचे शिक्षण न घेतलेला ग्रंथपालही यात बरोबरीने भाग घेऊ शकतो. एरिक इव्हान्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही व्यवहारातील जाणकार आणि प्रोग्रामर यांनी एकच शब्दसंग्रह वापरावा आणि तोच प्रोग्राममध्ये उतरावा असा आग्रह धरला आहे.

आकृतीपासूनच प्रोग्राम आपोआप तयार व्हावा ही आकांक्षाही जुनी आहे, आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये या दिशेने दीर्घकाळ काम झाले. प्रतिमानांवरून प्रोग्राम निर्माण करणारी मास्टरक्राफ्ट ही साधने तेथेच घडली. मोठ्या संस्थांच्या बाहेर मात्र हा मार्ग फारसा रुळला नाही. २०१७ चे यूएमएल २.५.१ हे मानक सातशेहून अधिक पानांचे आहे, आणि दैनंदिन कामाला त्यातील अगदी थोडा भाग पुरतो: चौकट, पाच-सहा प्रकारच्या रेषा आणि टोकांचे आकडे.

ग्रंथालय, शाळा, पतसंस्था किंवा दवाखाना यांसाठी सॉफ्टवेअर करून घेणाऱ्यांनी पडद्याचे रंग आणि बटणे पाहण्यापूर्वी पुरवठादाराकडे क्लास डायग्राम मागावा. चौकटींची नावे प्रत, सभासद, देवघेव, वर्गणी अशी आपल्या रोजच्या व्यवहारातील आहेत का हे पाहावे. जावासारख्या भाषेत प्रोग्राममधील नावेही देवनागरीत लिहिता येतात, त्यामुळे आकृतीत मराठी नावे देण्यास तांत्रिक अडचण मुळीच नाही. त्यानंतर प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांचे आकडे मोठ्याने वाचून घ्यावेत, आपल्याकडील अपवादाचे प्रसंग त्यांना लावून पाहावेत, आणि जो आकडा खोटा ठरेल तो दुरुस्त झाल्याशिवाय पुढील कामास संमती देऊ नये.